भोपळ्यातली मेणबत्ती

कालाफात, रविवार

प्रिय नेवेना,

प्रिय लिहिलंय ते पत्राची रीत म्हणून. हुरळून जाऊ नकोस. मी पौना, त्रायानची बायको. डॅन्यूबच्या या काठावरची. तू त्याची कोण ते मला ठाऊक आहे, आणि तुझ्या आईमुळे तुला आमची भाषा वाचता येते हेही.

त्रायान गेला. कळलंच असेल म्हणा, त्याच्या बातम्या तुला माझ्याआधी लागायच्या. फेरीबोटीवर खलाशी होता तोवर तुमच्या विदिनला जायला त्याला निमित्त लागत नव्हतं. मग पूल झाला, बोट बंद पडली, खलाशी घरी बसले. अख्ख्या कालाफातमध्ये आनंद झालेली मी एकटीच! आणि या पठ्ठ्याने काय करावं? सायकल घेतली. म्हणे, पुलावरून जरा पाय मोकळे करून येतो. अश्शी जळले मी!

आम्ही चाळिसाव्याला मेलेल्याच्या नावाने अर्ध्या भोपळ्यात मेणबत्ती लावून नदीत सोडतो. सोडली. पाण्याबरोबर खाली जायची ती, तर वाऱ्याने वळली आणि निघाली थेट तुमच्या काठाकडे. सगळ्या बायका बघत होत्या. शेजारची झोयत्सा म्हणते कशी, “अगं बाई, याला तर वाट पाठ आहे!” हसल्या मेल्या. मीही हसले. घरी येऊन त्याच्या फोटोला नाही नाही ते बोलले.

त्याचे कपडे त्याच्या नावाने वाटून टाकले. कोट, बूट, लोकरीची टोपी, सगळं. राहिलाय तो तपकिरी स्वेटर. विदिनच्या बाजारातून आणला म्हणायचा. मी काय आंधळी आहे? कोपर झिजलं की त्याच लोकरीने पुन्हा विणून देणारा कुठला गं बाजार तो? चुलीत घालायला नेला, घालवेना. आणि आता त्रायान स्वप्नात येतो, कुडकुडत. इथे जे कुणाला दिलं नाही ते मेलेल्याला तिकडे मिळत नाही, हे तुलाही माहीत आहे. झोयत्साच्या नवऱ्याच्या अंगावर तो स्वेटर मला बघवणार नाही.

म्हणून लिहिलं. पुढच्या रविवारी ये, पुलावरून, दिवसाढवळ्या. स्वेटर माझ्या हातून घे आणि घेणाऱ्याने म्हणायचं असतं ते मोठ्याने म्हण: देव त्याला क्षमा करो. कुणीतरी म्हणायलाच हवं गं, आणि माझ्या तोंडून ते अजून निघत नाही.

तुझी कुणीच नसलेली,
पौना