ओट्याची सहा भोकं

१४ ऑक्टोबर, दुपार

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. माझं बरं चाललंय, गुडघे सोडून. बाबा काठी घेऊन घरभर फिरतात आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात, म्हणजे ठणठणीत आहेत. तुझी खुशाली तुझ्या बायकोकडून कळते. तू स्वतः फोनवर येत नाहीस, त्याबद्दल मी थोरली बहीण काय बोलणार?

मागच्या बागेतला तू बांधलेला ओटा अखेर दुरुस्तीला काढला. दोन वर्षांपूर्वी बाबा ज्या कोपऱ्यावरून पडले तो तसाच ढासळलेला होता, आणि यंदा उरलेल्या कडेच्या भिंतीनेही फुगून पोट काढलं. गवंडी बोलावला. माणूस कामाचा, पण तोंडाला कुलूप नाही. आधी लाकडी बल्ल्यांचे टेकू लावून त्याने कड धरली, मग वरची फरशी काढून मागची माती उपसली. माती कसली, चिखलच. पाऊस थांबून इतके दिवस झाले तरी आत पाणी.

"ताई, एवढं पाणी अडलं कशाने?" म्हणाला. मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी काय गवंडी आहे?

खालचे थर बघून मात्र तो म्हणाला, "हे ज्याने लावलेत त्याचा हात चांगला आहे. दगड केसभर हललेला नाही." बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. "तुझ्या कच्च्या कामाने माझा खुबा मोडला," असं त्यांनी तुला दवाखान्यात चार लोकांसमोर सुनावलं होतं. आता काठीच्या टोकाने ते तोच दगड ठोकून बघत होते. मी आत जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर मी गुडघ्यांचंच लिहीत बसेन.

पाणी निघून जावं म्हणून तू कडेच्या तळाशी सहा भोकं ठेवली होतीस. ती मोकळी ठेव, असं बजावूनही गेला होतास. पण पहिल्याच पावसात त्यांतून लाल पाणी माझ्या चुना दिलेल्या भिंतीवर ओघळलं, वर मुंग्यांची रांग. मला बघवेना. सहाही भोकांत चिंध्या कोंबल्या, वरून सिमेंट लिंपलं, चुन्याचा हात मारला. कोणाला विचारलं नाही. मीच शहाणी ना.

दवाखान्यात बाबा बोलत होते तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मला तेव्हाच भोकं आठवली होती. म्हटलं, बाबा उठून बसू देत, मग सांगू. मग तू येणंच बंद केलंस आणि माझं फावलं. लाज वाटते, पण खरं ते हेच.

परवा गवंड्याने छिन्नीने एक भोक फोडलं तर आतून स्वयंपाकघराच्या जुन्या पडद्याची चिंधी निघाली. पिवळी, निळ्या फुलांची. बाबांनी ती हातात घेतली. "हा आपला पडदा."

"हो," म्हटलं. "भोकं मी बुजवली."

त्यांनी चिंधीची घडी घातली, उलगडली, परत घातली. "त्याला कळवलंस?"

"नाही."

"मग मला काय सांगतेस? त्याला लिही." मी पुढे केलेला चहाही त्यांनी घेतला नाही.

दोन दिवस कागद घेऊन बसत होते, आज जमलं.

काम बरंचसं झालंय. भोकं सगळी मोकळी केली, मागे खडी भरली, कड पुन्हा उभी राहिली. पडलेला कोपरा तेवढा बाकी आहे. गवंडी लावायला निघाला तर बाबांनी काठी आडवी धरली. म्हणाले, "तो राहू दे. ज्याचा आहे तो लावेल." गवंडी जरा रुसला, पण टेकू ठेवून गेलाय. दगड मी धुऊन रचून ठेवलेत.

बाबा रोज संध्याकाळी ओट्यापर्यंत जातात आणि खालीच उभे राहतात. खुर्ची वर मांडू का विचारलं, तर म्हणाले, "तो आल्यावर मांड."

रागावलेला ये, पण ये. मला काय बोलायचं ते त्यांच्यासमोर बोल.

वाट बघणारी,
भोकं बुजवणारी,
तुझी ताई