एकाच माकडाच्या दोन बाटल्या

प्रिय दादा,

परवा तुझं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेले, पाट-ताटं आवरून झाली, आणि आज घर इतकं गप्प आहे की लिहायला बसले. पण खरं कारण ते नाही. तुझ्या प्रयोगशाळेत मला बोलावलंय, तुझ्याच टेबलावर. हे आधी तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

तुझ्या शेजारी काम करणारा वसंत गेल्या महिन्यात मुंबईहून मुद्दाम आला होता. मदतनीसाची जागा रिकामी आहे, बी.एस्सी. झालेली मुलगी चालेल, साहेबांनी विचारून यायला सांगितलंय, असं म्हणाला. बाबांनी त्याला चहा पाजला, मोटारस्टँडपर्यंत पोचवलं, आणि परत आल्यावर मला एवढंच म्हणाले की श्राद्ध होईपर्यंत हा विषय घरात नको.

मारुतीच्या पुजाऱ्याचा मुलगा माकडांच्या कामाला लागला, हे अमरावतीत कोणाच्या पचनी पडलं होतं? महाराष्ट्र झाला त्या वर्षी तू मुंबईला गेलास. तिकडची माकडं लाल तोंडाची, आपली वानरं काळ्या तोंडाची, दोन्ही वेगळी, असं तू आत्याला समजावत होतास. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अन् आपला मारुती कोणत्या तोंडाचा आहे रे? शेंदूर तं लालच असते ना." तू हसलास, मी हसले, शेवटी तीही हसली.

आता तीच आत्या म्हणते, तू काविळीनं गेलास तो देवाचा कोप. वसंतनं सांगितलं की तुमच्या वसतिगृहात आणखी दोघांना कावीळ झाली होती, पाणीच खराब होतं. मला ते पटतं. तरी देवळापाशी एखादं वानर भिंतीवरून खाली बघू लागलं की माझी नजर आपोआप वळते. शिकूनसवरून असं का व्हावं?

शिकवलंस तर तूच. मी शाळेत एकदम तिसरीत बसले, तोवर तूच माझी शाळा. बाबा तुला जशी संथा द्यायचे तशीच तू मला द्यायचास. तू एकदा म्हणायचं, मी दोनदा. चुकले की पाटावर टिचकी. पुन्हा पहिल्यापासून. त्या टिचकीला मी इतकी भ्यायचे की अजूनही काही लिहिलं की तीनदा वाचते.

तुझ्या एका सुट्टीत मी विचारलं होतं, तू तिथं नेमकं करतोस काय? तू म्हणालास, लशीसाठी माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी काचेच्या बाटलीत वाढवतो. माकड चांगलं धडधाकट असतं, पण कधी कधी त्याच्या पेशी आपल्या आपण फेसाळतात, साबणाच्या पाण्यासारख्या दिसतात. म्हणजे त्या माकडाच्या अंगात एक विषाणू जन्मभर मुकाट बसलेला असतो. अशी बाटली साहेब फेकून द्यायला सांगतात. तू दोन ठेवल्या होत्यास. एकाच माकडाच्या दोन मूत्रपिंडांच्या. एक लवकर फेसाळली, दुसरी सावकाश, आणि तिचा फेसही निराळा.

मला काही कळलं नव्हतं. मग तू बाबांचं आणि अकोल्याच्या काकांचं उदाहरण दिलंस. दोघे सख्खे भाऊ, दोघांना आजोबांनी एकाच ओसरीवर शिकवलेलं. तरी एका स्तोत्रात बाबा एका जागी श्वास घेतात, काका त्याच्या पुढच्या जागी. दोघांचंही म्हणणं, आजोबांचं खरं माझ्याकडे आहे. त्यावरून वर्षानुवर्षं एका पूजेला बसत नाहीत.

"शालू, टिचकी मारणारा समोर बसलेला असून एवढं बदलतं," तू म्हणालास. "विषाणू माकडाच्या अंगात सारखी स्वतःची नक्कल करत असतो, आणि तिथं टिचकी मारायला कोणी नाही. चुकलेली नक्कल पुढं आपलीच चूक शिकवणार. एका माकडात एक विषाणू नसतोच, मला वाटतं. भाऊबंदकी असते."

आणि माणसात, मी विचारलं. पिंजऱ्यांवर काम करणाऱ्या एकाला माकड चावल्याचं तू सांगितलं होतंस. तू म्हणालास, माणसाच्या अंगातही तसंच होत असेल, पण पाहिल्याशिवाय कसं म्हणू?

एक गोष्ट मात्र मला आवडली नाही, दादा. बाबांना तू सांगितलंस की तू फक्त सूक्ष्मदर्शकातून बघतोस, बाकीचं दुसरे करतात. मला खरं सांगितलंस. भूल देऊन पोट उघडायचं ते तूच, तुझ्याच हातानं. आणि कोणाला सांगू नकोस म्हणालास. असं का केलंस? तुझं ओझं हलकं झालं, माझं वाढलं. त्यानंतर घरी आलास की तू गाभाऱ्यात जाईनास. कधी अंघोळ राहिली म्हणायचास, कधी पाय दुखतो. घंटेखाली उभं राहून नमस्कार करायचास.

परवा जेवणं झाल्यावर बाबांनी मला देवळात बोलावलं. काका खांबाला टेकून बसले होते. बाबांनी सरळ विचारलं, "तुले तुझ्या हातानं मारा लागन का?"

तुझं उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं, खरंच सांगते. ते दिलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. पण मला ते जमेना. म्हटलं, "हो बाबा. भूल देऊन, पण मारावं लागतं. दादाही मारायचा."

काकांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता माझं जाणं संपलं. तुझी आठवण काढायची सोयही या घरात संपली. बाबा समईची वात सारखी करत राहिले. मग म्हणाले, "मले माहीत होतं. पोरगा बाहेर उभा राहत होता, मी का आंधळा आहो? त्यानं सांगाची वाट पाहत होतो."

बाबा पुढं म्हणाले, "मले हे पटत नाही. मरेपर्यंत पटणार नाही. जाशील तं जा. पण करशील ते सांगत जाजो. मले ऐकवणार नाही, तरी सांगत जाजो."

एवढंच. दादा, तू एकदा सांगून टाकलं असतंस तर? दोघंही एकमेकांची वाट बघत बसलात, आणि मी मध्ये, तुझं गुपित सांभाळत.

सोमवारी बडनेऱ्याहून गाडी आहे. आई लाडू करतेय, डोळे पुसतेय. मला भीती वाटते. त्या गावात माझं कोणी नाही, आणि जे होतं त्याचीच जागा मी घ्यायची. पहिलं माकड टेबलावर येईल तेव्हा माझा हात चालेल का? साहेब म्हणतील ही पण भावासारखीच हट्टी. संध्याकाळी खोलीवर येऊन हे कोणाला सांगू?

वसंतनं तुझ्या त्या दोन बाटल्यांतला अंश बर्फात जपून ठेवलाय. साहेबांनी परवानगी दिली तर मी दोन्ही वेगवेगळ्या ताज्या पेशींवर घालीन, एकमेकींत मिसळू न देता, पुन्हा पुन्हा. काय दिसेल ते बघीन.

एक वचन मात्र आजच देते. तू माझा भाऊ होतास म्हणून तुझं बरोबर निघावं, अशा आशेनं मी बघणार नाही. दोन्ही बाटल्यांत एकच विषाणू निघाला, आणि तू चुकला होतास असं दिसलं, तर तसंच लिहीन. आधी साहेबांना सांगेन, मग बाबांना. आणि मग ते तुला सांगायचं राहिलं म्हणून खूप रडेन.

तुझी,
शालू