खिडकीतले हिरवे फिजोआ

४ एप्रिल
नोलीनला हॉस्पिसमध्ये हलवलं. विश्रांतीसाठी. आमच्या टे पुके गावातले लोक उगाच तोंडं पाडून माझ्याकडे बघतात, म्हणे तिथे शेवटचे दिवस काढायला नेतात. हवापालट झाला की माणूस सुधारतो. आज म्हणाली, ट्रेव्हर, मला दुसरं काही नको, आपल्या झाडाचा एक फिजोआ कापून चमच्याने खायचाय. एवढंच ना! पेरूच्या जातीचं हिरवं फळ ते. मी उभी हयात किवी फळांच्या पॅकहाउसमध्ये ग्रेडिंग केलंय. फळ कधी पिकतं ते मला शिकवणारा अजून जन्मायचाय.

६ एप्रिल
शेजारची नायरी कुंपणावरून ओरडली. म्हणे, झाडाला हात लावशील तर बघ, फिजोआ आपणहून खाली पडला की पिकला, शेंबड्या पोरालाही कळतं हे. दरवर्षीप्रमाणे तिच्या गेटपाशी बादली भरून ठेवलीय, कुणीही फुकट न्या. वर एक पिशवी माझ्या हातात कोंबायला लागली, नोलीनसाठी. जमिनीवरचं, गोगलगायींनी चाटलेलं मी आजारी बायकोला देणार? म्हटलं, आमच्या घरी झाड आहे. पिशवी परत.

७ एप्रिल, सकाळ
योजना. किवी कडक असतानाच तोडतात, मग घरात आरामात पिकतं. सायन्स सगळ्या फळांना एकच. सगळं झाड उतरवलं. रात्री झाडावर फळं खायला येणाऱ्या पॉसमला चाटायलाही काही ठेवलं नाही. खिडकीत रांग लावली, मधेमधे केळी, म्हणजे लवकर पिकतील. शिडीवरून घसरलो. शिडीचा दोष.

११ एप्रिल
कडक. केळी मात्र पिकली. खाल्ली.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता त्यांना त्रास होणार नाही एवढं आम्ही बघू. म्हणजे सुधारणा आहे.

१३ एप्रिल
कडक. नवी केळी आणली. अर्धे फिजोआ पेपरात गुंडाळून गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवले.
दुपारी नोलीनच्या खोलीत शिरलो तर फिजोआचा घमघमाट. नर्सने स्प्रे मारला असणार. हल्ली कसलेही स्प्रे निघतात. नोलीन खुशीत दिसली. माझ्या येण्याने फरक पडतो.

१६ एप्रिल
कपाटातला एक मऊ लागला. (किंवा अंगठा बधिर झालाय. रोज दाबतोय.) घेऊन गेलो. कापला. आत पांढरा. पिकला की मधे काचेसारखी जेली होते, ती धरलीच नव्हती. उजेड कमी होता म्हणूनही तसं दिसलं असेल. नोलीनने चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले, बऱ्याच वेळाने गिळला. म्हणाली, छान आहे रे, बाकीचे अजून थोडे ठेव. माझा हात धरला. तिचा हात फार हलका लागला.

१७ एप्रिल
नर्स म्हणाली, आज रात्री इथेच थांबा, खाट टाकून देते. म्हटलं, कशाला? घरी फळं उलटीपालटी करायची आहेत. ठराव: रविवारी एकदम पिकलेला नेणार.

१८ एप्रिल
पहाटे फोन आला तेव्हा मी फिजोआ उलटे करत होतो.
पोचलो तोवर गेली होती.

२२ एप्रिल
फ्युनरल झालं. चर्चच्या हॉलमध्ये चहा, सँडविच. नायरीने फिजोआ घालून पुडिंग आणलं होतं. मला कोपऱ्यात घेऊन रडायला लागली. म्हणाली, तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती रे तिने. मी रोज सकाळी खाली पडलेले वेचून न्यायची. भुकेल्या पोरासारखी खायची बाई. मग म्हणायची, नायरी, सालं पिशवीत घालून ने, ट्रेव्हर येईल. त्याचे पिकतायत, असं वाटू दे त्याला.
मी म्हटलं, मला माहीत होतं.

२३ एप्रिल
माहीत नव्हतं.
रोज पिकलेले खात होती. आणि माझा तो आंबट चमचा गिळून छान म्हणाली.
खिडकीतले दाबून पाहिले. कडक.