मशीनला जाळी बसली!

दादा,

तू रागावशील म्हणून लपवलं होतं. पालापाचोळ्याचं खत करणाऱ्या ज्या कारखान्यात तुझी दोन बोटं गेली, तिथेच मी चार महिने कामाला आहे. पण आज काय झालं, ऐक तर! फांद्या चिरडणाऱ्या मशीनच्या तोंडाला अजूनही जाळी नव्हती. आम्ही सहाजणींनी ते सुरूच केलं नाही.

"काम सोडायचंय का?" साहेब ओरडले.

"नाही साहेब, म्हातारी होईपर्यंत करायचंय," मी म्हणाले, "दहाही बोटांनी."

साहेब तणतणत निघून गेले रे! पण दुपारी फिटर आला, जाळी बसली, बंद करायचं लाल बटणही बसलं. मी तीनदा दाबून पाहिलं. तिन्ही वेळा मशीन जागच्या जागी थांबलं!

साहेबांसमोर उभी राहिले, पण हे पत्र तुला पाठवायचा धीर काही होत नाही.

तुझी धाकटी