ज्ञान लपवणारा देव

६ जानेवारी
वसुंधराच्या कपाटात दोनशे पानी वही सापडली. अक्षर तिचेच. विषय — आद्य ख्रिस्ती काळातील ज्ञानवादी पंथ! आमच्या घरात बायबलही नाही. तिला जाऊन आज तेवीस दिवस झाले. चौतीस वर्षांच्या संसारात या विषयाचा एक शब्दही तिने माझ्याजवळ काढला नव्हता.

७ जानेवारी
वही वाचतो आहे. या पंथांच्या मते मुक्ती केवळ श्रद्धेने मिळत नाही. ती अंतरात उमगलेल्या ज्ञानाने मिळते. ज्याने हे जग घडवले तो खरा परमेश्वर नव्हेच — एक दुय्यम, अज्ञानी, गर्विष्ठ देव. काहींच्या मते तर बायबलमधल्या पहिल्या माणसांच्या बागेतला सापच गुरू. कारण देवाने मत्सराने लपवलेले ज्ञान त्याने माणसाला दिले.

या वाक्याखाली दोनदा रेघ ओढली आहे. का?

९ जानेवारी
स्वयंपाकाला येणाऱ्या भामाबाईंना सहज विचारले. "बाई मंगळवारी जास्मीन टीचरकडं जायच्या ना! टीचरना दिसत नाय. त्या सांगायच्या, बाई लिवायच्या. तुमाला नाय म्हायती? तुमी आपलं पेपरात तोंड घालून!"

मला सांगितले होते — योगवर्ग.

१० जानेवारी
हे केवळ येथेच लिहिता येईल. एप्रिलमध्ये तिचा अहवाल मीच आणला. स्वादुपिंडाचा कर्करोग, सर्वत्र पसरलेला. डॉक्टरांपुढे हात जोडले — तिला सांगू नका. आमच्याकडे रुग्णाला असे सांगत नाहीत. माझ्या वडिलांनाही आम्ही सांगितले नव्हते. आठ महिने 'अल्सर आहे' म्हणत राहिलो. गोळ्या वेष्टनातून काढून साध्या डबीत भरत असे. ती अजाणता, निर्धास्त गेली, हाच माझा एकमेव आधार.

आणि या दोन रेघा! कोणीतरी तिला सांगितले. जास्मीनबाईंनीच.

११ जानेवारी
नवीन पनवेलला त्यांच्या घरी गेलो. "बसा सर. चहा बिनसाखरेचा चालेल? डबा आज माझ्याशी लपाछपी खेळतोय."

मी सरळ विचारले — तिच्या आजाराविषयी तुम्ही काय सांगितलेत?

"मला अल्सरच माहीत होता. मी चर्चच्या अभ्यासवर्गासाठी लेक्चर्स लिहून घ्यायचे. रेघा? मीच मारायला लावल्या, तिथे जरा थांबून बोलायचं होतं. पण भांडली हो माझ्याशी! म्हणाली, 'लपवणारा मत्सरीच कशावरून? घाबरला असेल बिचारा.'"

घाबरला! हे एखाद्या देवाविषयीचे बोलणे नव्हे. तिला ठाऊक होते. मग डॉक्टरच फुटले असणार. शब्द देऊन!

१२ जानेवारी
दवाखाना बंद. दारापर्यंत जाऊन परतलो.

१३ जानेवारी
डॉक्टरांना जाब विचारला. त्यांनी दार लोटून घेतले. मग म्हणाले, "रिपोर्ट आधी त्यांच्या मोबाइलवर आला होता. तुम्ही माझ्याकडे आलात ना, त्याच्या आदल्या दिवशीच त्या येऊन गेल्या होत्या. म्हणाल्या — ह्यांना कळू देऊ नका."