पुस्तकात तुमी फक्त डबा आणता

बाई, आपल्या बेसबॉलच्या टीमवर पुस्तक आलं, अन् त्यात तुमी नाई. म्हणजे आहे तशा, एका ओळीपुरत्या. "शाळेतील एक शिक्षिका मुलींसाठी घरून डबा आणत असत." बस. इतकंच. इतकी वर्षं तुमी आमाले बल्लारपूरच्या उन्हात पळवलं, अन् पुस्तकात तुमी डबा आणता. बरं, आणला तरी होता का कधी? तुमच्या हातचं वरण खाऊन आमच्या कॅचरनं एकदा विचारलं होतं, "बाई, घरातलं मीठ संपलं का?" शाळेच्या भाषेत नीट लिहीन म्हणून बसली होती, पण राग आला की माझी भाषा घरची होते, तुमाले माहीत आहे. असंच वाचा.

तुमचं स्वयंपाकघर मले अजून डोळ्यापुढं दिसते. शाळेनं सामान ठेवायले खोली दिली नाई, म्हणून सगळी टीम तुमच्या घरी. तांदळाच्या कोठीमागं बॅटी उभ्या, खिळ्याले कॅचरचा मास्क टांगलेला, अन् रविवारी आमी पोट्ट्या खाली फरशीवर बसून ग्लोव्हले जवसाचं तेल चोळून राह्यलो. तुमी चुलीपाशी पाटावर बसल्या आहे, मांडीवर नियमाचं ते झेरॉक्स पुस्तक, सगळं इंग्रजी, बाजूले डिक्शनरी. एक ओळ वाचायची, शब्द शोधायचा, मग भाजीतला कांदा उचलून बॉल कसा धरायचा ते दाखवायचं. कांदा परत भाजीत. पहिल्या स्पर्धेत आमी मारल्यावर बॅट हातात घेऊनच बेसकडं पळालो, सगळ्याच्या सगळ्या. टीव्हीवर क्रिकेट पाहून पाहून लागलेली सवय, दुसरं काय! अंपायर पोट धरून हसला. घरी आल्यावर तुमी हातात निंबाची काडी घेऊन उभ्या राह्यल्या, अन् जी पोट्टी बॅट घेऊन पळेल तिच्या पिंढरीवर सटकन्. "टाक! टाक म्हणते न! नवऱ्याच्या घरून आणली का?" आठ दिवसांत बॅट आपोआप गळून पडायले लागली.

हे सगळं मी त्या लेखकाले सांगितलं होतं. तो पुण्याहून आला, वाघ पाह्यले येतात त्या रिसॉर्टमध्ये उतरला, अन् माझ्या नाक्यावर अर्धा तास बसला. मी आता गडचिरोलीकडं वनरक्षक आहे, तुमच्याच खेळाच्या सर्टिफिकेटवर लागलेली नोकरी. फोन टेबलावर ठेवून तो रेकॉर्ड करत होता. मी तुमच्याबद्दल बोलून राह्यली, अन् तो मधीच विचारते, "मैदानावर कधी वाघ आला होता का?" मी म्हटलं, भाऊ, आमच्या मैदानाच्या एका बाजूले रेल्वेची लाईन, दुसऱ्या बाजूले कामगारांच्या चाळी. वाघ येईल कशाले, कोळशाची धूळ खायले? तो हसला. मले वाटलं, समजलं त्याले. मले एकच पाहिजे होतं, बाई. त्या पुस्तकात तुमी असाव्या, जशा होत्या तशा.

पुस्तक हातात आलं तवा पहिल्याच पानावर "घनदाट अरण्याच्या कुशीतलं मैदान". मग पुढं आमी धावतो, "जंगलच्या लेकी, श्वापदांच्या भीतीने बॅट कुऱ्हाडीसारखी छातीशी धरून". वाचलं अन् अंगावर शिसारीच आली. हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं, अन् शेळ्या पण याच्या मनातल्याच. आमच्या कॅचरले, म्हणजे बसस्टँडसमोरच्या टेलरच्या पोरीले, त्यानं गोंड करून टाकलं. तिचा निशाणा म्हणे तिरकामठ्यावर पक्का झाला. तिचा फोन आला. आधी हसली, हसता हसता चिडली. "अगं, माझ्या अब्बाच्या दुकानात मी सुईदोरा सोडून कशाले हात नाई लावला. मले जंगलात जन्माले घातलं न यानं! आता आधार कार्ड घेऊन फिरू का?" अन् आमच्या टीममधली खरी गोंड पोट्टी, जी सेकंड बेसले उभी राहायची अन् मोत्यासारख्या अक्षरात स्कोअर लिहायची, ती पुस्तकात नाईच. तिले तिरकामठा येत नव्हता न.

अन् हीरो कोण, माहीत आहे? ते सर! अमरावतीच्या फायनलच्या आधी आठ दिवस वरून पाठवलेले, निळी टोपी घालून झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे अन् चहा मागायचे ते. आयत्या बिळावर नागोबा. एकदा तुमाले म्हणाले, "बाई, यात बास्केटबॉलसारखा थ्री पॉइंट असतो का?" तुमी मान फिरवून हसू दाबलं होतं. पुस्तकात ते रात्र रात्र जागून डाव आखतात, अनवाणी पोरींच्या पायाले मलम लावतात. अनवाणी! तुमी कॅनव्हासचे बूट नसले तर मैदानात पाय ठेवू देत नव्हत्या. मी लेखकाले फोन लावला. तो शांतपणे समजावते, "मॅडम, वाचकाला एक हीरो लागतो. दोन कोच ठेवले की कथा फाटते."

"दोन होतेच कुठी? एकच होती."

"पण पेपरातल्या फोटोत तर सरच आहेत. आमच्याकडे पुरावा तोच."

फोटोत तुमी नाई हे खरंच आहे. आमी उपविजेत्याचा कप घेऊन उभ्या होतो, सर मधात, अन् तुमी तवा बडनेऱ्याच्या स्टेशनावर कन्सेशनच्या फॉर्मसाठी खिडकीवरच्या माणसाशी भांडत होत्या. नाईतर त्या रात्री आमी प्लॅटफॉर्मवरच झोपलो असतो. भांडणाचा फोटो कोण काढते?

मग चंद्रपूरले प्रकाशनाचा कार्यक्रम झाला. मले स्टेजवर बसवलं, सरांले शाल दिली. एक चॅनेलवाली आधी बाहेर भेटली, म्हणे, "ताई, कोचची आठवण सांगताना थोडं थांबा, डोळे भरून आले तर छान येईल." मी म्हटलं, डोळे नाई भरत, डोस्कं फिरते. तिनं कॅमेरा बंद केला. माझी पाळी आली तवा मी माईक धरला अन् सांगूनच टाकलं. हा खेळ आमाले एका बाईनं शिकवला, कांद्यावर शिकवला, डिक्शनरी घेऊन शिकवला, अन् या पुस्तकात ती डबा आणते, याची मले लाज वाटते. मग मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या, अन् सगळ्यात जोरात कोणी वाजवल्या असतील तर सरांनी. बिचाऱ्यांले आता काईच ऐकू येत नाई.

दुसऱ्या दिवशी पेपर उघडला. मथळा: "सरांमुळेच आम्ही घडलो, माजी खेळाडूची कृतज्ञता". खाली माझा फोटो, माईक धरलेला, तोंड उघडं. मी त्या पोऱ्याले फोन केला ज्यानं बातमी दिली होती. तो खरं बोलला, इतकंच त्याचं बरं. "ताई, रागावू नका, मी बातमी दुपारीच लावली होती. प्रेसनोट आली होती न." म्हणजे मी बोलायच्या आधीच मी काय बोलली ते छापायले गेलं होतं! बाई, त्या दिवशी मले इतकी किळस आली की पेपराले हात लावल्याबद्दल मी साबणानं हात धुतले. आपण जिंकलो तवा पेपरात कप देणाऱ्याचं नाव यायचं, खेळणाऱ्यांचं नाई. तुमी म्हणायच्या, "जाऊ द्या, आपल्याले खेळायचं आहे, छापायचं नाई." तुमचं हेच मले कधी पटलं नाई. तुमी जाऊ दिलं म्हणून तर हे असं झालं.

पण त्या हॉलमधल्या बोलण्याची लेखकाले थोडी तरी लाज वाटली असावी. दुसरी आवृत्ती निघणार आहे. त्यानं सगळी पानं छापून कुरिअरनं पाठवली, म्हणे, "तुम्हीच तपासून द्या, जे चुकलं ते खोडा, मी तसंच्या तसं घेईन." मी सुट्टी टाकली अन् लाल पेन घेऊन बसली. वाघ खोडला. कुऱ्हाडी खोडल्या. तिरकामठा खोडला, टेलरचं दुकान लिहिलं. सेकंड बेसवर तिथली हक्काची पोट्टी उभी केली. सरांचं मलम, सरांचं जागरण, सगळ्यावर रेघा. तुमचं स्वयंपाकघर समासात लिहून काढलं, तुमी काडीनं मारायच्या ते पण लिहिलं. काऊन लपवायचं? खरं ते खरं.

अन् मग फायनलचं पान आलं. शेवटचा बॉल माझ्याकडं, फर्स्ट बेसले, सरळ ग्लोव्हमध्ये आला अन् बाहेर पडला, अन् आपण हरलो. तुमाले सांगायची गरज नाई. बडनेऱ्यापासून बल्लारपूरपर्यंत तुमी माझ्याशी एक शब्द बोलल्या नाई. सगळ्यांले चिवडा वाटला, मले पण दिला, पण माझ्याकडं न पाहता. उतरताना इतकंच म्हटलं, "उद्या सकाळी सहाले मैदानावर." अन् दुसऱ्या दिवशी माझे तळवे सुजेपर्यंत बॉल मारत राह्यल्या. त्यानंतर त्या बॉलबद्दल तुमी कधीच बोलल्या नाई. मी नोकरीले लागली तवा नाई, तुमाले दवाखान्यात भेटायले आली तवा पण नाई. मी वाट पाहत होती, बाई. मोठी झाल्यावर पण पाहत होती.

पुस्तकात त्या पानावर असं आहे, की हरल्यावर सर त्या रडणाऱ्या पोरीजवळ मैदानात खाली बसतात, तिच्या डोक्यावर हात ठेवतात अन् म्हणतात, "रडू नको. तू नसतीस तर आपण इथवर आलोच नसतो." सगळ्या पुस्तकात याच्याइतकं खोटं दुसरं काई नाई. सर तवा कपाबरोबर फोटो काढून राह्यले होते. मी पेन टेकवलं, अन् हात पुढं जाईना.

तुमी गेल्यापासून तुमच्या घरी तुमचा भाचा राहते. त्याच्या पत्त्यावर हे पत्र पाठवणार नाई, त्यानं वाचायले नको. पानं मात्र काल कुरिअरमध्ये टाकली. त्या पानावर मी एकच शब्द खोडला. "सर" खोडून वर "बाई" लिहिलं, बाकी सगळं तसंच ठेवलं. छापून येईल. कोणी विचारलं, खरंच का, तर मी "हाव, खरंच" म्हणणार आहे.