दहा लाख नऊला जाणारा भाग

दहा लाख नऊला दोनशे त्र्याण्णवने आत्ता पुन्हा भाग दिला. भागाकार तीन हजार चारशे तेरा, बाकी शून्य. माझे डोके ठिकाणावर आहे याचा हा पुरावा. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे, पण त्यांनी फक्त नाडी पाहिली.

मी मंदाबाई मगन सैंदाणे, वय एकाहत्तर, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार शिंदखेडा, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहिते. दडपण आणणारा माणूस सहा वर्षांपूर्वी वारला.

१. राहते घर पुतण्या स्वप्नील यास. अट एकच: पुढच्या खोलीतली तसबीर काढायची. तीत माझे पती, मुख्याध्यापक मगनसर, शाळेच्या भिंतीशी उभे आहेत. भिंतीवर लिहिले आहे: '१०,००,००९ ही मूळ संख्या आहे.' ती नाही.

सम नाही, शेवटी पाच नाही, अंकांची बेरीज दहा म्हणून तीनने जात नाही. एवढ्यावर ते खूश होते. १९९४ च्या तपासणीआधी त्यांनी भिंत रंगवून घेतली, आणि पडताळणी नंतर वर्गांना वाटली. हजेरीत जो क्रमांक, त्या क्रमांकाच्या मूळ संख्येने भाग द्यायचा. माझ्या नववीच्या हजेरीत मुलगे आधी, मुली नंतर. शेवटची, बासष्टावी, सारिका. बासष्टावी मूळ संख्या २९३.

एकसष्ट जणांनी बाकी आणली. तिने शून्य आणले. सर भर वर्गात म्हणाले, "तुनं डोकंबी शून्यच शे." वर्ग हसला. त्यांनी सांगितले म्हणून मी तिच्या कागदावर लाल फुली मारली, तिला माफी मागायला लावली. दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही.

त्याच दुपारी मी भाग देऊन पाहिला होता. रात्री जेवताना त्यांना सांगितले. "भिंत रंगवून झाली," ते म्हणाले. मी त्यांना दुसरी भाकरी वाढली. त्या भाकरीचा राग अजून गेलेला नाही.

२. त्यांची सत्काराची शाल आणि फेटा बोहारणीला द्यावा. बदल्यात भांडे घेऊ नये.

३. माझी वही शाळेला. तीत दाखवले आहे की भाग द्यायचीही गरज नव्हती. १०००² + ३² म्हणजे दहा लाख नऊ, आणि २३५² + ९७२² म्हणजेही दहा लाख नऊ. दोन वर्गांची बेरीज म्हणून जी संख्या दोन तऱ्हांनी मांडता येते, ती मूळ असूच शकत नाही.

४. सारिकाचा कागद मी जपला आहे. फुलीखाली आज बरोबरची खूण करून सही केली. माझ्या मृत्यूनंतर तो तिला पोचवावा आणि चूक बाईंची होती असे सांगावे.

साक्षीदार चिंधा पुना बोरसे हा शाळेचा जुना शिपाई. भिंत त्यानेच रंगवली होती. चौथे कलम वाचून त्याने पेन खाली ठेवले. "मरानंतर कसाले, बाई? सारिका साक्रीले शे. रोज बस जास."

कलम ४ मी खोडले. मग त्याने सही केली.

सही: मंदाबाई मगन सैंदाणे
साक्षीदार: चिंधा पुना बोरसे, प्रेमकुंवर बन्सीलाल जैन, शेजारी
शिंदखेडा, १४ नोव्हेंबर २०२४

१५ नोव्हेंबर. सकाळच्या बसने साक्रीला गेले. सारिका घरी होती. तिने कागद घेतला, आधी भाग देऊन पाहिला, मग मला बसायला सांगितले.